ढिगावर टोमॅटो उगवले, तेव्हा

महोदय,

मैलाशुद्धीकरण केंद्रातला गाळ शेतात टाकावा की नाही, यावर आमच्या पारावर दोनच मतं ऐकू येतात : ‘शी!’ आणि ‘फुकट मिळतंय, टाका.’ मला तिसरंच सांगायचंय.

माझी दीड एकर सीताफळाची बाग, सगळी मुरमाड. शेणखत परवडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका केंद्रावरून ‘कंपोस्ट’ म्हणून गाळाच्या दोन ट्रॉल्या आणून बांधाला ओतल्या. पाऊस झाला आणि पंधरवड्यात ढिगावर टोमॅटोची रोपं तरारली. सूनबाई खूश, मी चपापलो. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून अख्खं बाहेर पडतं नि उगवतं. ढीग नीट तापला तर ते मरतं. म्हणजे हा ढीग तापलाच नव्हता, आणि बी जगलं तर जंतांची अंडीही जगली असतील.

मग तोच गाळ सरमाड आणि बागेतल्या छाटणीत मिसळून पुन्हा रचला. अमेरिकेच्या १९९३च्या नियमात उघड्या ढिगासाठी निदान ५५ अंश सेल्सिअस, १५ दिवस आणि त्यात पाच पलट्या सांगितल्या आहेत. मी पहार खुपसून ठेवायचो. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसे. पाचव्या पलटीला वास गेला, मातीचा आला. नंतर पाच महिने मुरू दिलं आणि मग सीताफळाच्या आळ्यांत घातलं. पूर्वी पाणी दिल्यावर चौथ्या दिवशी आळं कोरडं पडायचं. आता सहाव्या दिवशीही बोटाला ओल लागते.

पण जंतू तापून मरतात, शिसं आणि कॅडमियम मरत नाही. कणकवलीच्या गोपुरीत ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा, म्हणजे मैल्याच्या खताचा, ध्यास घेतला, ते खत घरच्या संडासाचं होतं. शहराच्या गटारात गॅरेज, मुलाम्याचे कारखाने, सगळंच येतं. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केंद्रावर तपासणीचा कागद मागितला, तर उत्तर आलं, “काका, फुकटच्या खताला कसला कागद?”

ढीग किती दिवस, किती अंश तापला आणि धातू किती निघाले, एवढं ट्रॉलीच्या पावतीवर लिहून द्या. पैसे घ्या हवे तर. तोवर हे खत माझ्या सीताफळाच्या आळ्यातच जाईल, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात नाही.

– एक बागायतदार, ता. पुरंदर, जि. पुणे