नेपथ्य आधी टेंपोत बसू दे

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

वाशीच्या ग्रुपने एकांकिकेचं नेपथ्य तुझ्यावर सोपवलं, छान झालं. स्केच देखणं आहे, पण ते वेळेत उभं राहणार नाही. स्पर्धेत नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात. किती ते नियमपत्रकात बघ, आणि त्यातली निदान दोन लाइटवाल्यासाठी सोड.

तुझी भिंत सलग दहा फूट उंच आहे. छोटा हत्ती टेंपोचा हौदा सात फुटांच्या आसपास. बाहेर डोकावणारा फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ठोकलेला भिंतीचा तुकडा, खाडीपुलावरच्या वाऱ्यात फाटतो. उंची आठ फुटांवर आण. साडेसहा फुटांचा फ्लॅट आणि वर दीड फुटी वेगळा तुकडा, हाताने आवळता येणाऱ्या नट-बोल्टने जोडलेला. रुंदी चार फूट, म्हणजे एका माणसाला उचलता येतो.

मांजरपाट ठोकताना बाजूच्या मधोमध सुरुवात करून कोपऱ्यांकडे जा, नाहीतर सुरकुत्या एका कोपऱ्यात गोळा होतात. कापड फार ताणू नकोस. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा हात दिला की ते वाळताना स्वतःच आवळतं. आधीच ताणलेलं असेल तर चौकट पीळ खाते, आणि पिळलेला फ्लॅट शेजारच्याला कधीच नीट भिडत नाही. पावसाळ्यात एक दिवस जादा धर. ओल्या कापडावर दुसरा हात मारलास तर डाग उमटतात.

नाट्यगृहाच्या फळ्यांत खिळे ठोकायचे नाहीत. प्रत्येक फ्लॅटला मागून तिरका टेकू, साधारण दोन-तृतीयांश उंचीवर, आणि त्याच्या पायावर वाळूची दहा किलोची पिशवी. दाराच्या फ्लॅटला दोन टेकू. दार आपटलं की भिंत थरथरते आणि रडण्याच्या प्रसंगात हशा पिकतो. तालमीतच चार वेळा जोरात आपटून बघा.

तालमीच्या हॉलमधले लाइट तपासलेत का? हजार वॉटचा एक दिवा चार अँपिअरहून जास्त घेतो. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तीन चालतात, चौथ्याला एमसीबी पडतो. बहुधा तो चौथा म्हणजे वेशभूषावाल्यांची इस्त्री असते!

ठाण्याचं गडकरी रंगायतन काय, तुमचं वाशीचं भावे नाट्यगृह काय, शनिवार-रविवारच्या तारखांवर व्यावसायिक नाटकांचा डोळा असतो. हौशी मंडळींच्या वाट्याला आडवार, ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहाचं मिनी थिएटर नाहीतर शाळेचा हॉल. प्रत्येक मंचाचं माप वेगळं, म्हणून फ्लॅट सुटे आणि एकाच मापाचे हवेत. तेच पुढच्या ग्रुपला रंग बदलून वापरता येतात. गावातली हौशी रंगभूमी अशा उसनवारीवरच चालते, असं माझं स्पष्ट मत. फ्लॅटच्या मागे नंबर आणि ग्रुपचं नाव ठळक लिही, नाहीतर उसने गेलेले परत येत नाहीत.

मंचावर सामानाची जागा दाखवणारी मार्किंगची पट्टी लाव, पण प्रत्येक वस्तूच्या फक्त मागच्या दोन कोपऱ्यांना. सगळीकडे लावलीस तर ब्लॅकआउटमध्ये कोणती कुणाची ते कळत नाही.

नाटकाच्या संहितेला मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी यांच्या प्रती तुझ्याजवळच ठेव. सामानाच्या ट्रंकेत टाकल्यास की ऐन वेळी ती ट्रंक टेंपोच्या तळाशी असते.

मापं बदलून स्केच रविवारपर्यंत पाठव. लाकूड त्यानंतरच कापा.

तुझी,
आई