खांदे निसर्गाने भरून दिलेले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पुरवणीतला व्हीलचेअर खेळाडूंवरचा लेख वाचला. ‘निसर्गाने पायांतली शक्ती काढून हातांत भरली’ या वाक्याशी मी थांबले ते थांबलेच. उरलेला लेख संध्याकाळी पुरा केला. लेखकाचा हेतू चांगला आहे, शंकाच नाही. आमच्यासाठी अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकत आले आहे, आणि त्याची किंमत माझ्या उजव्या खांद्याने मोजली आहे. म्हणून हे पत्र.

मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळते. दोन गुणांची खेळाडू आहे; हे गुण सामन्यात मिळवलेले नव्हेत, शरीराची किती हालचाल होते यावर प्रत्येकीला ठरवून दिलेले. मैदानावरच्या पाच जणींच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये, हे लेखात आलं आहे. पण एक गुणाची आणि साडेचार गुणांची खेळाडू यांच्यात फरक कशाचा, हे आलं नाही. तो मुख्यतः धडाचा असतो, दंडाचा नव्हे. कंबरेतून पुढे-मागे, बाजूला किती झुकता येतं आणि झुकून परत सरळ होता येतं का, यावर गुण ठरतात. माझ्या पोटाचे खालचे स्नायू काम करत नाहीत. बास्केट मात्र सगळ्यांसाठी असते तेवढ्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर. उभ्या खेळाडूच्या फेकीला पायांचा रेटा मिळतो. माझी फेक खांद्यातून सुरू होते आणि मनगटात संपते.

आता खांद्याचं सांगते. पहिली तीन वर्षं जिममध्ये माझ्याकडून काय करून घेतलं? बेंच प्रेस, डिप्स आणि चेअरवरून मैदानाला फेऱ्या, म्हणजे सगळं ढकलण्याचंच. खांद्याच्या मागच्या बाजूचे व्यायाम मी एकदा विचारले होते. ‘तुझे हात आधीच दणकट आहेत, ते कशाला?’ असं उत्तर मिळालं. दंडाचा घेर वाढला की सगळे खूश, मीही खूश.

मग एका पहाटे पलंगावरून चेअरवर येत होते. दिवसातून दहा-बारा वेळा करते तेच. ब्रेक लावलेले, डावा हात सीटवर, उजवी मूठ गादीत रुतवलेली. अंग उचललं आणि खांद्याच्या आत जाड कापड टरकन फाटावं तसं काहीतरी झालं. मी परत गादीवर कोसळले. चेअर हातभर अंतरावर उभी होती आणि मला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. कुणीतरी येईपर्यंत मी तिच्या सीटवरच्या शिवणीकडे बघत पडून होते. त्या दिवसातलं ते शिवणीचं निळं सूत मला सगळ्यांत स्पष्ट आठवतं.

सुप्रास्पायनेटस या खांद्यातल्या छोट्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, अर्धवट फाटला होता. फिजिओथेरपिस्टबाईंनी एक छोटं यंत्र मनगटाला लावून ताकद मोजली. दंड आत वळवण्याची ताकद उत्तम निघाली. बाहेर वळवण्याची तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. ती साधारण दोन-तृतीयांश तरी असावी असं मानतात. कारण साधं आहे. रिमला, म्हणजे चाकाला बाहेरून लावलेल्या कडीला, रेटा देताना छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडामागचा ट्रायसेप्स काम करतात. हे स्नायू रोज हजारो वेळा वापरले जातात, म्हणून वाढतात. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे, मागचे, पाठीच्या फऱ्यालगतचे छोटे स्नायू त्या मानाने उपाशीच राहतात. त्यात खांद्याची खोबण उथळ, मांडीच्या सांध्यासारखी खोल नव्हे. पुढचे स्नायू जिंकत गेले की गोळा पुढे आणि वर सरकतो, आणि वरच्या हाडाखाली कंडरा चेमटतो. तुमचा लेखक ज्याला निसर्गाची भरपाई म्हणतो, ते हे आहे. एका बाजूची ताकद वाढत गेली आणि तिनेच सांधा खाल्ला.

पुढचे कित्येक महिने खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून, कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरून, हात बाहेर खेचण्याचा व्यायाम केला. सगळ्यांत हलका पट्टा. दहाव्या खेपेला हात थरथरायचा आणि टॉवेल खाली पडायचा. या पट्ट्याला पहिल्या दिवसापासून रोज दहा मिनिटं दिली असती, तर ती पहाट कदाचित आलीच नसती. हा माझा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

त्याहून मोठा राग आहे तो ‘खांद्याला सहा आठवडे पूर्ण विश्रांती द्या’ असं कागदावर लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर. कशी द्यायची? धावणाऱ्याचा घोटा दुखावला तर तो कुबडी घेतो, पाय उशीवर ठेवून बसतो. माझे खांदे माझे पायही आहेत. संडासला जायचं तर खांदा, कूस बदलायची तर खांदा, बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून अंग उचलायचं तर खांदा. हे मी विचारलं, तर ‘घरच्यांची मदत घ्या’ म्हणाले. आणि हे ज्ञान काही कालचं नाही. पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने मज्जारज्जूच्या रुग्णांचे हात-खांदे जपण्याच्या मार्गदर्शक सूचना २००५ सालीच निघाल्या आहेत. झटके देऊ नका, लांब आणि संथ रेटा द्या, हात परत आणताना रिमच्या खालून आणा, अंग उचलण्याच्या खेपा कमी करा, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. मला त्या कळल्या खांदा गेल्यावर.

लेखात पॅरालिम्पिक चळवळीचे जनक डॉ. लुडविग गुटमन यांचा उल्लेख आहे. २९ जुलै १९४८ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिक, स्त्रिया आणि पुरुष, तिरंदाजीसाठी उतरले, इथवर बरोबर. पण तिरंदाजीच का, हे लिहायला हवं होतं. धनुष्य खेचताना फऱ्याचे आणि खांद्यामागचे स्नायू राबतात. दिवसभर चेअर ढकलताना जे उपाशी राहतात तेच. खांदे, पाठ आणि धड बळकट होतं म्हणूनच गुटमन यांना हा खेळ मोलाचा वाटत होता. स्टोक मँडेव्हिलची ती पहिली स्पर्धा खेचण्याची होती, आणि आमच्या जिममध्ये नुसतं ढकलणं चालू आहे.

स्वित्झर्लंडचा व्हीलचेअर शर्यतपटू मार्सेल हुग याचं उदाहरणही असंच अर्धवट. २०२१ साली जपानमधल्या ओइताच्या मॅरेथॉनमध्ये त्याने ४२.१९५ किलोमीटर १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत पार केले, हे खरंच थक्क करणारं आहे. पण तो टी-५४ गटातला; व्हीलचेअर शर्यतींत खेळाडूंचे असे गट शरीराच्या क्षमतेनुसार पाडतात. रिमवर हात आदळताना त्याला धडाची साथ मिळते. टी-५३ गटातल्यांचे पोटाचे स्नायू काम करत नाहीत. आणि मानेतला मज्जारज्जू पूर्ण दुखावलेला असेल तर कोपर सरळ करणारा ट्रायसेप्ससुद्धा अनेकदा दुबळा असतो, आणि जीव तोडून खेळतानाही हृदयाचे ठोके बहुधा मिनिटाला १३० च्या वर जात नाहीत, कारण हृदयाला वेग देणाऱ्या नसांपर्यंत मेंदूचा निरोपच पोचत नाही. अशा खेळाडूला ‘हात कमवा म्हणजे झालं’ असं सांगणं अन्यायाचं आहे.

जाता जाता छायाचित्राबद्दल. चषक देणाऱ्या पाहुण्यांचं नाव ओळीत आहे, पदासकट. चषक घेणारी मात्र ‘एक दिव्यांग खेळाडू’. ती आमच्या संघातली एक गुणाची खेळाडू आहे. तिला धडाचा तोल अजिबात नाही, पट्ट्याने चेअरला बांधून घेऊन खेळते, आणि अंतिम सामन्यात समोरच्या सर्वांत उंच खेळाडूला तिने चाकाला चाक लावून शेवटची चार मिनिटं बास्केटजवळ फिरकू दिलं नाही. तुमचा छायाचित्रकार तिच्यापासून दोन फुटांवर उभा होता. नाव विचारायला तेवढं अंतर पुरेसं होतं.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक