जो फॉसची गोष्ट सांगणाऱ्या आमच्या सू फॉल्सच्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही 'अगं त्यात काय एवढं' म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. लेकाला शाळेत आपल्या साउथ डकोटाचा दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक जो फॉस (Joe Foss) याच्यावर प्रोजेक्ट आला आणि त्याने नेटवरून लिहून काढलं की पॅसिफिकमधल्या गुआदलकनाल बेटाच्या लढाईत २६ जपानी विमानं पाडली, १९४३ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक दिलं, पुढे साउथ डकोटाचे गव्हर्नर झाले, बस एवढंच. तुम्ही ते वाचलंत आणि त्याला विचारलंत, अरे पण विमानात बसायच्या आधी हा मुलगा काय करत होता?

मग जेवणं गार झाली तरी तुम्ही सांगतच होतात. इथलंच शेत, घरात वीज नाही, १९३३ मध्ये वादळात पडलेल्या तारेचा शॉक लागून वडील गेले, मग शिक्षण सोडून आईबरोबर शेती आणि तीही धुळीच्या वादळांच्या त्या भयंकर वर्षांत, धाकट्या भावाने शेत हातात घेतलं तेव्हा कुठे परत कॉलेज. त्याच्या वाइल्डकॅट या लढाऊ विमानाची चाकं हँडल फिरवून वर घ्यावी लागायची हे दाखवताना तुमचा उजवा हात गरागरा फिरत होता आणि डावा स्टिकवर घट्ट, लेक शेजारी बसून अगदी तस्संच करत होता.

मला मलैता बेटाजवळचं ते फार लागलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये फॉसचं विमान समुद्रात पडलं, पाय आत अडकलेला, बुडता बुडता सुटले, मग तासन्‌तास पाण्यात, आणि बेटावरची माणसं न् मिशनरी होडी घेऊन शोधत आले म्हणून वाचले. लेकाने आता पोस्टरच्या मधोमध ती होडीच काढलीय, विमान वर कोपऱ्यात!

आणि ते हरल्याचंही सांगितलंत ते खूप बरं केलंत. गव्हर्नर असतानाच १९५८ ला अमेरिकन संसदेसाठी उभे राहिले आणि जॉर्ज मॅकगव्हर्नकडून हरले, जे स्वतः महायुद्धात बॉम्बर उडवून मेडल मिळवलेले. मुलांपासून असलं लपवायचं कशाला, मला तरी नाही पटत.

आता त्याला मॅकगव्हर्न ऐकायचेत. शनिवारी काकूंना घेऊन या ना, पुरणपोळ्या करतेय. यावेळी मात्र आधी जेवायचं, मग विमानं.