पासबुकातले १,७७० रुपये

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

माझ्या आईचं बचत खातं गावातल्याच एका बँकेत आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पासबुक भरून आणलं, तर तीन महिन्यांत तीनदा ५९० रुपये कापलेले. ५०० रुपये दंड, वर १८ टक्के जीएसटी. कारण, किमान शिल्लक राहिली नाही. एका महिन्यात ती अवघ्या ३४० रुपयांनी कमी पडली होती. "माझ्याकडे पैसे कमी होते, म्हणून अजून कमी केले?" आईने विचारलं. मला उत्तर सुचेना.

रागाच्या भरात मी दोन पानं लिहून दिली. म्हाताऱ्या बाईला लुबाडता, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही. महिना गेला, उत्तर नाही. ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, त्यात एकही तारीख नव्हती. खाते क्रमांक नव्हता. आम्हाला नेमकं काय हवंय, तेही मी लिहिलं नव्हतं.

दुसरा अर्ज एका पानाचा केला. विषय: किमान शिलकीअभावी कापलेले १,७७० रुपये परत मिळण्याबाबत. खाली तीन तारखा, तीन रकमा. मग नियम. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने १ एप्रिल २०१५ पासून बँकांना बंधन घातलं की, शिल्लक कमी पडली तर आधी खातेदाराला कळवायचं, भरायला किमान महिनाभर द्यायचा आणि तरीही दंड लावायचा तर तो जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात, सरसकट नव्हे. बँकेचा एसएमएस गेला होता, पण वडिलांच्या बंद झालेल्या नंबरवर. वडील गेल्यावर आईचा नंबर नोंदवायचा अर्ज आम्ही जूनमध्येच दिला होता. त्याच्या प्रतीवर बँकेचा जांभळा शिक्का, तारीख आणि सही होती. तिची झेरॉक्स जोडली. शेवटी एवढंच लिहिलं की, ३० दिवसांत रक्कम जमा न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करू. बाराव्या दिवशी जीएसटीसकट पैसे जमा झाले.

आमच्याकडे लोक काउंटरवर भांडतात आणि घरी येतात. त्या भांडणाची कुठे नोंद राहत नाही. या लोकपालाकडे जायला पैसे लागत नाहीत, तक्रार ऑनलाइन करता येते, रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राकडे टपालानेही धाडता येते, १४४४८ या फोन क्रमांकावर माहिती मिळते. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. आणि ती केली होती, हे दाखवायला पोच लागते.

ती पोच मिळवणंच सगळ्यात अवघड. "शिक्का साहेबांच्या केबिनमध्ये आहे, साहेब जेवायला गेलेत, अर्ज ठेवून जा," असं मला सांगितलं गेलं. मी चाळीस मिनिटं थांबले. माझ्या मागे एक आजोबा होते, ते अर्ज ठेवून निघून गेले. प्रत्येक शाखेत आवक शिक्का काउंटरवरच असावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. आणि अशा अर्जाचा मराठी नमुना एकदा छापावा, ही विनंती. आमच्या गल्लीतच तो कापून ठेवणारी चार घरं निघतील.

– एक वाचक, मिरज