नाव पेठला, पोर निफाडला: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांना

सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. आधी या पदाला मुख्यसेविका म्हणत. गावात मात्र शेवटपर्यंत ‘खिचडीवाल्या मॅडम’ हेच नाव राहिलं. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. कुठल्याही गावात गेले की पाय अंगणवाडीकडे वळतात आणि पहिलं काम म्हणजे पातेल्यावरचं झाकण उचलून बघणं.

लिहायचं कारण म्हणजे आढावा बैठकांमधले तुलनेचे तक्ते. इमारत स्वतःची आहे का, शौचालय, नळ, वीज, खेळणी, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर रोजची नोंद. ज्या अंगणवाडीचे रकाने भरले ती वर, ज्या अंगणवाडीचे रिकामे ती खाली. असे तक्ते मी स्वतः वर्षानुवर्षं भरले आहेत, आणि खरं सांगायचं तर नोकरीत असताना मला त्यात काही खटकलंही नाही.

आता दोन अंगणवाड्यांचं सांगते. गावांची नावं लिहीत नाही, उगाच सेविकांना नोटिसा जायच्या.

एक निफाड तालुक्यातली. चकचकीत फरशी, भिंतीवर अख्खी बाराखडी रंगवलेली, कोपऱ्यात टीव्ही. पटावर ३१ मुलं, सकाळी अकराला समोर बसलेली ९. बाकीची पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी माध्यमाच्या केजीला गेलेली. त्यांच्यातल्या काहींच्या आया दुपारी डबा घेऊन येतात आणि खिचडी घेऊन जातात. सेविका तरी कुणाकुणाला नाही म्हणणार?

दुसरी आदिवासी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. खोली नाही, एका घराच्या ओसरीवर भरते. पावसाची झड एका बाजूने आत येते, मग सगळी पोरं दुसऱ्या बाजूला सरकतात. मी ऑगस्टमध्ये गेले तेव्हा २८ मुलं होती. सेविका मराठीत कोल्ह्याची गोष्ट सांगत होती आणि मदतनीस ताई तीच गोष्ट मागोमाग कोकणीत फिरवत होती. ही डांगी कोकणी, पोरांच्या घरची बोली. कोल्हा विहिरीत पडला तेव्हा मराठीत कुणी हललं नाही, कोकणीत पडला तेव्हा ओसरी खिदळली. मी चाळीसेक प्रशिक्षणं केली असतील, भाषेचं इतकं साधं काम कुठल्याच प्रशिक्षणात पाहिलं नव्हतं. आणि ते काम करणाऱ्या बाईच्या नावापुढे हुद्दा काय, तर मदतनीस.

दिवाळीनंतर त्याच ओसरीवर परत गेले. मुलं ११.

बाकीची कुठे गेली ते जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं सावळघाट चढून निफाडकडच्या बागांवर येतात. भात कापून झाला की आणखी येतात. छाटणी, पेस्ट, विरळणी, मग काढणी. काही घरं थेट उन्हाळ्यातच परततात. नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० पासून, पहिलीआधीची तीन वर्षं शिक्षणाचा पायाच धरली आहेत. या पोरांच्या त्या तीन वर्षांतलं जवळजवळ निम्मं बागेत जातं.

वर सांगितलेल्या निफाडच्या अंगणवाडीपासून दहा मिनिटांच्या चालीवर, उशिरा छाटलेल्या एका बागेत मी गेले. बाया वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कोंबांना, पेस्ट लावत होत्या. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, विषारी औषध. कुठे लावलं ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवलेला. ओळीच्या टोकाला मांडवाच्या लोखंडी अँगलला झोळी बांधलेली, झोळीत तान्हं. त्याला झोका द्यायला ठेवलेली चारेक वर्षांची बहीण छाटलेल्या काडीने रिकाम्या बादलीचा लाल तळ खरवडत होती. मी काडी काढून घेतली. तिने माझ्याकडे बघत दुसरी उचलली. आई म्हणाली, ‘नाव आहे ना तिचं अंगणवाडीत, आमच्या पाड्यावर.’

परत येऊन निफाडच्या त्या सेविकेला विचारलं. ती म्हणाली, ‘मॅडम, घ्यायला माझी ना नाही. पण धान्य पटावर येतं आणि नाव तिकडं चढलेलं. दोन दिवस घेतली होती चार पोरं, तोंडातून शब्द काढीनात.’

मंत्रिमहोदया, पेठची अंगणवाडी तक्त्यात खाली आणि निफाडची वर. पण पेठचं पोर दहा मिनिटांवर आहे आणि निफाडच्या खोलीत २२ जागा रिकाम्या आहेत. तुलना करायचीच तर आधी या दोन गोष्टी एका ओळीत मांडा.

स्थलांतरित लाभार्थ्यांच्या नोंदीसाठी राज्याने वेगळी प्रणाली आणली, हे चांगलंच झालं. पण नोंद झाली म्हणजे पोर खोलीत येऊन बसलं असं नाही. त्यासाठी माणूस लागतो. पाडा रिकामा होतो तेव्हा तिथल्या मदतनिसांपैकी ज्यांची तयारी असेल त्यांना हंगामापुरतं द्राक्षपट्ट्यातल्या अंगणवाडीवर पाठवा, राहण्याच्या भत्त्यासकट. त्यांना बोली येते आणि पोरं त्यांना ओळखतात. बागांची वस्ती लांब असेल तिथे बागेच्या कडेला पत्र्याची शेड चालेल. अंगणवाडी हा शब्दच तिथून आलाय: मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीत बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

अंड्याचंही बघा. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतून पोरांना अंडी मिळतात, शाकाहारी असेल त्याला केळी. घाट चढून निफाडला आलं की योजनेची हद्द संपलेली असते. पोर तेच, त्याचं वजनही तेच, किंबहुना बागेवर घटतंच. अंडं पोरामागे जाऊ द्या.

छाटणीच्या दिवसांत एकदा सकाळी सातला पेठ रस्त्याने या. मजुरांच्या पिकअप समोरून येताना दिसतील. एक थांबवा आणि सहा वर्षांखालची किती आहेत ते स्वतः मोजा. मला बोलवलंत तर मी वहीपेन घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, नाशिक