आत्याच्या सोबतीविषयी

लेस्टर, ८ मार्च

ती. दादा आणि वहिनी यांना सा. नमस्कार,

आत्याच्या सोबतीला बाई बघताय हे वाचून फार बरं वाटलं. बोलणी पक्की करण्याआधी एवढं ठरवा की ती सोबतीला येणार, धुण्याभांड्याला नाही. दोन्ही एकीलाच सांगितलं की महिन्या-दोन महिन्यांत भांडी राहतात आणि गप्पा जातात. घासलेलं भांडं दिसतं, गप्पा दिसत नाहीत ना!

इंग्लंडमध्ये अंघोळ घालण्यासारख्या कामाला माणसं पुरवणाऱ्या संस्थेला सरकारी नोंदणी लागते, नुसत्या सोबतीला लागत नाही. त्यामुळे माणूस पारखणं इथेही घरच्यांवरच येतं. पोलीस पडताळणी कराच. कपाटाची किल्ली आणि एटीएम कार्ड बाईकडे नको, त्यात तिचंही भलं आहे. तेलुगू बोलणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं; सोलापूरच्या पूर्व भागात जन्म गेल्यावर आत्या निम्मं तेलुगूतच बोलते.

आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा. वार आणि वेळ बदलू नका, आत्या दाराशी वाट बघत बसेल. पहिल्या चार-पाच वेळा वहिनी, तुम्ही तिथे थांबा आणि दर वेळी थोडं लवकर निघा.

बाईनं आत्याच्या हातचं काम काढून घेऊ नये. शेंगा चटणीच घ्या. भाजलेले दाणे चोळून साल पाखडणं, लसूण सोलणं, तिखट-मिठाचा अंदाज हे आत्याचं; उखळात कुटणं बाईचं. सगळं आयतं मिळालं की हातातली ताकद झपाट्यानं उतरते. बोलताना बाईनं समोर बसावं, तोंडावर उजेड हवा, टीव्ही बंद. ओरडू नये, ओरडलं की शब्द फाटतात.

आता उन्हाळा तोंडावर आलाय, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. उतारवयात तहान नीट कळत नाही. "पाणी देऊ का?" विचारलं की आत्या नकोच म्हणणार. न विचारता दर तासाला अर्धा पेला पाणी किंवा ताक हातात द्यायचं. डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर मात्र तेवढंच. एकाएकी बोलण्यात गोंधळ दिसला तर वयावर ढकलू नका. अंगातलं पाणी कमी झालं किंवा लघवीत संसर्ग झाला तरी असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दाराजवळ वही अडकवा. काय खाल्लं, औषधाच्या डबीतला आजचा खण रिकामा आहे का, मन कसं होतं, एवढ्या तीन ओळी पुरेत. त्याच पानावर तुमचा नंबर, १०८ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ मोठ्या अक्षरांत लिहा.

पहिल्या आठवड्याची पानं भरली की फोटो पाठवा.

तुमची,
सुमी