किमान रक्कम भरूनही कार्डाची बाकी का वाढते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) खरेदी, मग शाळांची फी, त्यापाठोपाठ बियाणे-खते. एप्रिल ते जुलै हे खान्देशात पैसा बाहेर जाण्याचे महिने. कापसाचा पैसा हातात येतो तो दसरा-दिवाळीच्या पुढे. मधली तोंडमिळवणी आता तालुक्याच्या गावीही क्रेडिट कार्डावर होऊ लागली आहे, म्हणून बिलावरच्या ‘किमान देय रक्कम’ या एका ओळीबद्दल लिहीत आहे.

किमान रक्कम भरल्याने दोनच गोष्टी होतात: उशिराचा दंड लागत नाही आणि खाते थकीत दिसत नाही. व्याज मात्र थांबत नाही. बहुतेकांचा समज असा की 50,000 च्या बिलापैकी 2,500 रुपये भरले म्हणजे उरलेल्या 47,500 वर पुढच्या महिन्यापासून व्याज लागेल. प्रत्यक्षात बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून धरले जाते.

हिशेबच मांडतो. 10 जूनला 50,000 ची खरेदी केली. 5 जुलैला बिल आले, भरण्याची शेवटची तारीख 25 जुलै. किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 2,500 रुपये. ती वेळेत भरली. व्याजदर महिना साडेतीन, वर्षाला 42 टक्के. 5 ऑगस्टच्या बिलात 47,500 वर 10 जूनपासूनच्या 56 दिवसांचे व्याज लागते 3,060 रुपये 82 पैसे. त्यावर 18 टक्के जीएसटी 550 रुपये 95 पैसे. एकूण बाकी 51,112. अडीच हजार भरूनही बाकी पन्नास हजारांच्या वर गेली! यात बँकेची चूक शोधत बसू नये, नियमाचे गणितच असे आहे.

पुढे हाच क्रम चालू ठेवला आणि कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी व्याज आणि जीएसटी मिळून महिन्याला 4.13 टक्के चढतात. 5 टक्के भरायचे आणि चार टक्क्यांहून थोडे अधिक पुन्हा चढू द्यायचे, यात बाकी घटते महिन्याला जेमतेम एक टक्का. वर्षभरात सुमारे 28,900 रुपये भरले जातात आणि बाकी कमी होते फक्त 6,200 ने. ती निम्मी व्हायला 64 महिने लागतात. तोवर 1 लाख 18 हजारांहून अधिक रक्कम बँकेत गेलेली असते आणि साडेपंचवीस हजार डोक्यावर असतातच. त्याच 51,112 वर दरमहा ठरवून 5,000 भरले, तर 13 हप्त्यांत खाते कोरे होते आणि एकूण भरणा होतो सुमारे 64,250. किमान रक्कम बाकीबरोबर लहान होत जाते, म्हणून ती फेड लांबवते. म्हणून हप्त्याचा आकडा आपण ठरवावा आणि तो कमी होऊ देऊ नये.

काही बँकांची किमान रकमेची रीत वेगळी आहे: पूर्ण व्याज, पूर्ण जीएसटी, दंड-शुल्क, ईएमआयचा हप्ता, आणि उरलेल्या बाकीच्या 2 टक्के. इथे पहिल्या बिलात 50,000 वर फक्त 1,000 मागितले जातात आणि पुढच्या महिन्यात आकडा साडेचार हजारांच्या वर उडी मारतो. आपल्या कार्डाची रीत कोणती, हे अटींच्या पत्रकात पाहून घ्यावे.

सर्वांत जास्त फसगत होते ती नव्या खरेदीत. मागची बाकी असताना पंपावर भरलेल्या 500 च्या पेट्रोलवरही त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणून बाकी फिटेपर्यंत ते कार्ड कपाटात ठेवावे आणि रोजचा खर्च रोखीने किंवा खात्यातून करावा. हातात पैसे येतील तसे, शेवटच्या तारखेची वाट न पाहता भरावेत; त्या दिवसापासून तेवढ्यावरचे व्याज थांबते. ऑटो-डेबिट (खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सोय) लावताना ‘एकूण देय’ निवडले आहे ना, हे तपासावे. अनेकांचे ‘किमान देय’वर लागलेले असते आणि ते वर्षानुवर्षे कळतही नाही. पूर्ण बाकी भरल्यावरही पुढच्या बिलात थोडे व्याज दिसते. ते बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचे असते. तेही भरून टाकावे.

‘महिना शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलले’ असे कुणाबद्दल ऐकले की आपल्याकडे लोक हळहळतात. कार्डाचा दर त्याहून जास्त आहे, वर जीएसटी वेगळा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. उलट 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास केंद्राच्या सवलतीनंतर 4 टक्क्यांनी पडते. बियाण्या-खतांसाठी कार्ड घासण्याआधी ज्यांचे किसान क्रेडिट कार्ड होऊ शकते त्यांनी ते करून घ्यावे. आधीच अडकलेल्यांनी बाकीचे ईएमआयत रूपांतर किंवा सोनेतारण कर्ज यांचे दर, प्रक्रिया शुल्कासह, लेखी मागवून तुलना करावी.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, फक्त किमान रक्कम भरल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, हा इशारा बिलावर देणे बंधनकारक आहे. तो छापला जातो, पण बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. अटी शक्यतो स्थानिक भाषेतही असाव्यात, असे हेच निर्देश सांगतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाखांनी हा इशारा मराठीत, ठळक आणि ग्राहकाच्या स्वतःच्या बाकीवर किती महिने लागतील त्या आकड्यासह द्यावा. बिलात चूक वाटल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक 14448.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव